पडद्याकडे पाठ

तिसऱ्यांदा पंखा आला तेव्हा कुणीतरी हसलं. मोठ्याने नाही. नाकातून निसटलेलं, आवरायचा प्रयत्न केलेलं आणि म्हणूनच जास्त ऐकू आलेलं हसू. ढब्बूला पडदा दिसत नव्हता. तो पडद्याखालच्या बुटक्या स्टुलावर, पडद्याकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड करून बसला होता, कारण संकलन शिकवणाऱ्या सरांच्या वर्गात रीतच तशी होती. ज्याने फिल्म कापली-जोडली त्याने ती बघायची नाही, बघणाऱ्यांना बघायचं. आणि बोलायचं नाही. लोक काहीही म्हणोत, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, धन्यवादसुद्धा नाही, मान हलवून होकारही नाही. पण पंखा आलाय हे कळायला ढब्बूला पडद्याची गरज नव्हती. गाणं त्याच्या हाडात मुरलं होतं. ताईचा आवाज वर चढायला लागला, तोंड पूर्ण उघडायच्या बेतात आलं, की तिथे त्याने कट मारला होता, आणि पुढे छताचा पांढरा पंखा, संथ फिरणारा. पहिल्या वेळी समोरचे चेहरे होते तसेच राहिले. दुसऱ्या वेळी पुढच्या रांगेतल्या मुलाने पायावरचा पाय बदलला. तिसऱ्या वेळी हे हसू. आणि पंखा अजून बराच यायचा होता, हे त्या खोलीत फक्त ढब्बूला ठाऊक होतं. हात-पाय बांधून एखाद्याला स्वतःच्याच फजितीची वाट बघायला बसवावं तसा तो बसून राहिला. पुढच्या पंख्याला दोघं हसली. त्याच्या पुढच्याला कुणी हसलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं, कारण तोवर एका मुलीने मोबाइल उघडला होता.

ढब्बू हे नाव लहानपणी गुटगुटीत होता म्हणून ताईने ठेवलेलं. आता तो इतका वाळला होता की कपडे खुंटीला टांगल्यासारखे अंगावर लोंबायचे, पण नाव काही सुटलं नव्हतं. कॉलेजातही कसं कुणास ठाऊक पोचलं होतं. दिवे लागले तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं, की आपण अजून तसेच ढब्बू असतो तर बरं झालं असतं, निदान या स्टुलावर थोडं भरल्यासारखं दिसलं असतं. सर दाराला टेकून उभे होते. प्रेक्षक त्यांनीच गोळा केलेले, दर वेळी करत तसे: शेजारच्या वर्गातली चार पोरं, जिन्यात भेटलेला कुणी, खालच्या मजल्यावरच्या नृत्याच्या शिकवणीतून मुलगी सुटायची वाट बघत बसलेली एक बाई. 'कसं वाटलं' हा प्रश्न सरांना वर्ज्य होता. कसं वाटलं विचारलं की लोक पाहुण्यासारखे वागतात आणि छान छान म्हणून घरी जातात, असं त्यांचं मत. ते दोनच गोष्टी विचारायचे. काय आठवतंय, आणि लक्ष कुठे उडालं.

"पंखा," पुढच्या रांगेतला मुलगा म्हणाला. "खरं सांगू का, शेवटी शेवटी मला वाटायला लागलं, पंखाच गातोय."

सगळे हसले. मोबाइलवाली मुलगी म्हणाली, "गाणं भारी आहे. पण गाणारी कशी दिसते हे आत्ता विचारलंत तर नाही सांगता येणार. हात दिसले, केस दिसले, पाठ दिसली. आता चेहरा येणार, आता येणार असं वाटतं, आणि तेवढ्यात परत हा पंखा." तिसरा कुणी चष्म्यांच्या रांगा छान दिसल्या म्हणाला, पण त्या कशासाठी होत्या ते त्याला कळलं नव्हतं. मग सरांनी त्या बाईंकडे बघितलं. त्या मांडीवरची पिशवी सावरत जरा संकोचून म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही हो. पण हे ज्याने कुणी केलंय ना, त्याचं आणि त्या गाणाऱ्या मुलीचं काहीतरी बिनसलेलं असणार. तिच्याकडे बघायलाच तयार नाही तो." भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं इतक्या सहज म्हणाल्या. मग त्यांची नजर स्टुलावर गेली. "अगं बाई! तूच का तो?" ढब्बूचं तोंड उघडलं आणि सरांनी नुसतं बोट वर केलं. तोंड मिटलं. ती माझी बहीण आहे, एवढं वाक्य दातांच्या आत राहिलं आणि तिथेच घोळत राहिलं.

बाहेर व्हरांड्यात त्याने सरांना गाठलं. "सर, त्यामागे एक कारण आहे. तुम्हाला माहीत नाही..."

"मग मला माहीत नकोच करून देऊस," सर म्हणाले. "बघणाऱ्याच्या शेजारी बसून तू प्रत्येकाला कारण सांगणार आहेस का? पुढच्या आठवड्यात परत दाखव." आणि जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. ही थाप कौतुकाची की सांत्वनाची, हे चार वर्षं शिकवूनही त्यांच्या विद्यार्थ्यांना कळलेलं नव्हतं.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्याला आधी राग आला, आणि राग आला तो त्या बाईंचाच. काय बिनसलंय म्हणे! कुणाचं? दोन वर्षांत ताईच्या चेहऱ्याला त्याच्याइतकं जपलं कोणी होतं? डोळ्यांत तेल घालून जपलं होतं. दोन वर्षांपूर्वी, त्या सकाळी बेसिनपाशी तोच शेजारी उभा होता. ताईने चूळ भरली आणि पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागलं. तिने परत चूळ भरली, परत गळलं. "ढब्बू, बघ, नळाचा वायसर गेला," असं म्हणून ती हसली, आणि ते हसू चेहऱ्याच्या उजव्या अर्ध्यात आलं, डाव्या अर्ध्यात आलंच नाही. डावी बाजू स्वस्थ बसून राहिली, जणू विनोद तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. ढब्बू तेव्हा जो घाबरला ते त्याला अजून जसंच्या तसं आठवत होतं, साबणाच्या वासासकट. आईची रडारड, मग दवाखाना. नस सुजली आहे, डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, चेहरा येईल परत. आणि आला, बऱ्यापैकी आला. फक्त जुळवताना आत कुठेतरी तारा इकडच्या तिकडे झाल्या. ताईने तोंड मोठं उघडलं की तिचा डावा डोळा आपोआप बारीक व्हायला लागला, आणि डावा कोपरा उजव्याच्या किंचित मागून येऊ लागला. बोलताना कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण ताई गायची. स्वतःच गाणी लिहायची, स्वतःच चाली लावायची, आणि गाताना तोंड मिटून कसं चालेल?

तेव्हाच कधीतरी घरच्या कुठल्याशा समारंभात फोटो काढणाऱ्याला आई हळूच म्हणाली होती, हिचा उजव्या बाजूने काढा. ढब्बूने ते ऐकलं होतं. त्याला कुणी काही सांगितलं नाही, सांगायची गरजही पडली नाही. त्या दिवसापासून हातात कॅमेरा आला की त्याचे पाय आपोआप ताईच्या उजवीकडे जायचे. नवी ओळख करून द्यायची झाली की तो तिच्या डाव्या बाजूला उभा राहायचा, थोडा पुढे. एकदा कुणाच्या तरी घरी एक आगाऊ पोरगा ताईकडे टक लावून बघत होता, तर ढब्बूने त्याला विनाकारण बाहेर नेऊन आईस्क्रीम घेऊन दिलं होतं. या गोष्टी त्याने कधी कुणाला सांगितल्या नाहीत, पण मनातल्या मनात त्याला त्यांचा अभिमान होता. आणि व्हिडिओ कापायला बसला तेव्हा तर त्याने कमालच केली होती. गाणं ताईचंच, ती नोकरी करते त्या चष्म्याच्या दुकानात, सुट्टीच्या दिवशी मालकाची परवानगी काढून केलेलं चित्रीकरण, कॅमेऱ्यामागे लांब्या, त्याचा वर्गमित्र, ज्याला कुठल्याही दारातून वाकूनच आत यावं लागे. लांब्याने ताईचा चेहरा भरपूर घेतला होता, जवळून घेतला होता. त्या सगळ्यातून ढब्बूने एकेक फ्रेम पुढे सरकवत, डोळा बारीक व्हायला सुरुवात होते त्याच्या आधीचा क्षण शोधला होता, आणि तिथे कट. संबंध गाण्यात एकदाही तो डोळा मिटलेला दिसत नव्हता. हे काम इतकं सफाईने झालं होतं, की आपण गाण्याचा व्हिडिओ करत नसून पहारा करतोय, हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

बस सिग्नलला थांबली. समोरच्या सीटवरच्या म्हाताऱ्याची मान पेंगून एका बाजूला कलली होती आणि ढब्बू तिच्याकडे बघत असताना त्याला एकदम दुसरीच दुपार आठवली. कच्चा व्हिडिओ पहिल्यांदा त्याने ताईलाच दाखवला होता. ती चहाचा कप घेऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिने शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "छान झालंय रे. पंखा छान आलाय." आणि कप धुवायला निघून गेली. त्याने तेव्हा खूश होऊन मागून ओरडून सांगितलं होतं, की तो पंखा लांब्याने कपाटावर चढून घेतलाय. पंखा छान आलाय! आता बसच्या काचेवर डोकं टेकवून त्याने ते वाक्य परत ऐकलं, आणि पाठमोऱ्या माणसाने एकदम तोंड वळवावं तसं ते त्याच्याकडे वळलं. त्यानंतर लांब्या दुसऱ्या गाण्याचं विचारायला आला तेव्हा ताई म्हणाली होती, "नको रे, एक केलं तेवढं पुरे." त्यानंतर ती घरात गुणगुणलीही नव्हती. ढब्बूला एवढंच जाणवलं होतं, की हल्ली घरात शांतता असते आणि कामाला बरं पडतं. गाढवा, त्याने स्वतःला म्हटलं, इतक्या मोठ्याने की म्हातारा जागा झाला. आजाराने जे केलं नव्हतं ते आपण केलं. आजार होऊनही ती गात होती. कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली होती. आणि मग तिच्या सख्ख्या भावाने तिला दाखवून दिलं, की तुझ्या चेहऱ्यापेक्षा पंखा बरा.

घरी पोचला तेव्हा ताई खिडकीतल्या उजेडात आईच्या चष्म्याचा स्क्रू पिळत बसली होती. दुकानातला तो इवलासा स्क्रू ड्रायव्हर ती पर्समध्ये घेऊनच फिरायची. आई शेजारी बसून चष्म्याविना वर्तमानपत्र वाचण्याचा अट्टहास करत होती. ढब्बू चपला काढायच्या आधीच म्हणाला, "लोक हसले."

"कशाला?"

"पंख्याला."

ताईच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला नाही. "मग? मी म्हटलं होतं ना, छान आलाय."

"ताई, असं नको ना बोलूस." त्याचा आवाज चिरकला आणि आईने वर्तमानपत्र खाली केलं. मग त्याने सगळं सांगितलं. त्या बाई काय म्हणाल्या तेही सांगितलं, एका दमात, शब्द न गाळता. सांगताना ताईकडे बघायची हिंमत झाली नाही, म्हणून तो आईच्या चष्म्याकडे बघत होता. ताईने काच पुसली, उजेडात धरली, आईच्या नाकावर चष्मा ठेवला, कानामागे काड्या बसवल्या. हे ती दिवसभर लोकांचं करत असे. मग म्हणाली, "बाई हुशार आहेत."

"म्हणजे तुलाही तसंच वाटलं?"

"मला वाटलं, तुला लाज वाटते." हे ती अगदी साधेपणाने म्हणाली. "राग नाही आला. म्हटलं, ठीक आहे, कॉलेजात दाखवायचंय, चार लोकांत त्याला बरं दिसायला पाहिजे. पण वाईट वाटलं रे. रडले थोडी. कुणी बघितलं नाही."

"मला वाटलं, तुला लाज वाटते!" ढब्बू जवळजवळ ओरडलाच. "म्हणून मी..."

"मला वाटायची. पहिलं वर्षभर वाटायची. मग कंटाळा आला. किती दिवस तेच तेच वाटून घ्यायचं? दिवसाला इतक्या लोकांच्या नाकावर चष्मे बसवते मी. एकाचा कान वर, एकाचा खाली, कुणाचा एक डोळा आत. सरळ चेहऱ्याचं गिऱ्हाईक अजून यायचंय. आणि तू मला विचारायचंस ना, शहाण्या. मी तुझ्या कॅमेऱ्यासमोर बुरखा घालून उभी होते का?"

"फोटो उजवीकडून काढा असं मीच म्हणत होते," आई मध्येच म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

"तू गप गं. तुझा चष्मा बसला का नीट?"

"बसला."

"मग झालं तर." ताई उठली. ढब्बूला तिला मिठी मारावीशी वाटली, पण त्या घरात असल्या गोष्टी कुणाला नीट जमत नसत. त्याने तिच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि परत तिलाच दिला. एवढ्या गडबडीतही त्याला जाणवलं, की बसमध्ये छातीवर बसलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवलाय. आता फक्त काम करायचं होतं, आणि कामाला तो कधी भ्यायला नव्हता.

रविवारची सगळी सकाळ दोघं संगणकापुढे बसली. ढब्बूने मूळ चित्रण काढलं, कात्री न लागलेलं. ताई पहिल्या शॉटला म्हणाली, "आई गं, किती मोठं तोंड," आणि उशी पोटाशी धरली. दुसऱ्याला उशीत हनुवटी रुतवली. तिसऱ्यात सूर चढला, तोंड उघडलं, डावा डोळा बारीक झाला. ढब्बूचा हात सवयीने कट मारायच्या कळीवर गेला. बोटं अक्षरशः आपल्या मनाने गेली, आणि त्याला कळलं की हे नुसतं ठरवून सुटणारं नाही. त्याने हात मांडीखाली घेऊन त्यावर बसकण मारली. शॉट चालू राहिला. डोळा बारीक झाला, तसाच राहिला, सूर टिकला, मग श्वास संपला आणि चेहरा हळूहळू पूर्ववत झाला. दोन वर्षांत त्याने ही गोष्ट पूर्ण अशी बघितलीच नव्हती. दर वेळी सुरुवात झाली की तो नजर काढून घ्यायचा, ताईला वाईट वाटू नये म्हणून, किंवा स्वतःला. बेसिनपाशी वाटलेली ती भीती परत येऊ नये म्हणून. हे त्याने मनाशी कबूल केलं तेव्हा फार काही वाटलं नाही, फक्त खांदे जरा सैल झाले. ती सुजलेली नस, ती सकाळ, ते अर्धं हसू यांतलं काहीच त्या शॉटमध्ये नव्हतं. एक मुलगी जीव ओतून गात होती आणि गाताना तिचा एक डोळा बारीक होत होता, बस्स. "हा ठेवू?" त्याने विचारलं. ताईने उशी बाजूला ठेवली. "थांब. मागे घे. परत दाखव." परत बघितलं. "ठेव," ती म्हणाली, "पण त्याच्या आधीचा काढ. त्यात मी दात ओठ खातेय भांडकुदळ बाईसारखी." हा आक्षेप इतका सर्वसाधारण होता की ढब्बूला हसू फुटलं, आणि मग दोघंही बराच वेळ कारण नसताना हसत राहिली. आई स्वयंपाकघरातून काय झालं काय झालं विचारत होती. दुपारपर्यंत पंखा एकदाच उरला, तोही सुरुवातीला, दुकान दाखवण्यापुरता. जिथे आधी त्याने सूर चढताच कट मारला होता तिथे आता तो श्वास संपायची वाट बघू लागला. वाट बघितली की कट आपोआप सापडत होता. त्याला आश्चर्य वाटलं ते याचंच.

पुढच्या खेपेला ताईही आली. आग्रहच धरला तिने. म्हणाली, माझंच तोंड आणि मलाच प्रवेश नाही का? उशिरा येऊन, दिवे मालवल्यावर, ती सगळ्यांच्या मागे बसली. ढब्बू स्टुलावर, पडद्याकडे पाठ करून. या वेळी चेहरे नवे होते आणि त्यांच्यावर पडद्याचा उजेड हलत होता. गाणं सुरू झालं. पहिला चढ जवळ आला तशी त्याची बोटं स्टुलाच्या कडेवर घट्ट झाली. आता. समोरचा जाडसर मुलगा किंचित पुढे झुकला. एका मुलीने केस कानामागे सारले आणि हात तिथेच राहू दिला. कुणी हसलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. त्याची नजर एकेकाच्या चेहऱ्यावरून फिरत मागच्या रांगेपर्यंत गेली. ताई अंधारात आधी नीट दिसेना, मग पडद्याचा उजेड तिच्यावर आला. ती सरळ पडद्याकडे बघत होती आणि तिच्या कपाळावर एक आठी होती. उरलेलं सबंध गाणं त्याने फक्त त्या आठीकडे बघून काढलं.

दिवे लागले. सरांनी नेहमीच्या दोन गोष्टी विचारल्या. जाडसर मुलगा म्हणाला, शेवट जरा लांबलाय, गाणं संपल्यावर दुकान रिकामं दिसतं ते कमी करा. कुणाला मागच्या कपाटातली गोल फ्रेम आठवत होती, कुठे मिळेल म्हणून विचारत होता. कुणाला दुसऱ्या कडव्यात दोन कट धसमुसळे वाटले. ढब्बू ऐकत होता. दोष काढताहेत, शेवट लांबलाय म्हणताहेत, आणि त्याला त्या प्रत्येकाचे पाय धरावेसे वाटत होते. मग केस कानामागे सारणारी मुलगी म्हणाली, "ती गाता गाता डोळा मिचकावते ना मध्येच, ते मला फार आवडलं. मला वाटलं, मलाच मिचकावतेय." ढब्बूने दचकून मागच्या रांगेकडे बघितलं. ताईचं त्या मुलीकडे लक्षच नव्हतं. ती अजून कपाळाला आठी घालून रिकाम्या पडद्याकडे बघत होती आणि मांडीवर बोटांनी कसलासा ठेका धरत होती.

"आणि तुम्ही?" सर म्हणाले. ताई कोण हे त्यांना अर्थातच कळलं होतं, पण रीत म्हणजे रीत. "तुमचं लक्ष कुठे उडालं?"

सगळ्या माना मागे वळल्या आणि तिला ओळखून तिथेच थांबल्या. ताई भानावर आली. तिने इतक्या लोकांकडे, मग सरांकडे, मग लांब स्टुलावर बसलेल्या ढब्बूकडे बघितलं.

"दुसऱ्या कडव्यात," ती म्हणाली. "सूर पडलाय तिथे. इतका उघड पडलाय आणि तुम्ही कुणी बोलत कसे नाही? ढब्बू, ते कडवं मला परत गायचंय. लांब्याला सांग, रविवारी ये म्हणून. आणि कॅमेरा जवळ ठेवायला सांग, त्या कडव्यात फार लांब होता."

ढब्बूला बोलायची परवानगी नव्हती, मान हलवायचीही नव्हती. तरी त्याने जोरजोरात मान डोलावली, आणि सरांनी, चार वर्षांत पहिल्यांदाच, दुसरीकडे बघितलं.